चालीवर मागितलेला चहा

ये, जवळ सरक. कागदावरचं आहे म्हणून हात लांब धरून वाचू नकोस, माझ्या गुडघ्याशी येऊन बसल्यासारखी वाच. आणि आधी रागावून घेते, कारण माझा राग फार वेळ टिकत नाही, नंतर आठवून आठवून रागवावं लागतं. परवा फोनवर तू काय म्हणालीस? "आजी, पणजी किती क्यूट होती ना, चहासुद्धा गाणं म्हणून मागायची!" क्यूट! अगं, मांजराचं पिल्लू क्यूट असतं. तुझी पणजी म्हणजे माझी आई, आणि माझी आई आयुष्यात एक दिवससुद्धा क्यूट नव्हती. तुझी तरी काय चूक म्हणा. तू तेव्हा पहिलीत होतीस, पुढचे दोन्ही दात पडलेले, तुला वाटायचं सगळ्यांच्याच पणज्या गाऊन चहा मागतात. पण आता तू बंगळूरला एकटी राहतेस, नोकरी करतेस, तुला खरं काय ते कळायला हवं. सांगते, ऐक.

आधी तिचं बोलणं सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

तुझे पणजोबा गेल्यावर ती मंडईजवळचं बिऱ्हाड सोडून माझ्याकडे कोथरूडला आली. लेकीच्या घरी कायमचं राहायचं म्हणून तिला फार संकोच होता. शेवटी तुझे आजोबा टेम्पो घेऊनच तिच्या दारात गेले. म्हणाले, "सासूबाई, तुम्ही नाही आलात तर तुमची मुलगी रोज इथे येऊन बसणार आणि मला उपाशी राहावं लागणार. माझा तरी विचार करा." मग आली, पण अट घालून. भाजी तीच आणणार आणि मंडईतूनच आणणार. "कोथरूडात भाजी नसते हो जावईबापू, भाजीचं प्रदर्शन असतं. बघायचं आणि घरी यायचं."

अशी तिची जीभ. समोरच्या बाई दारातच उभ्या राहून तासभर बोलायच्या, "बसत नाही हं, घाईत आहे" असं मधूनमधून म्हणत. एकदा आई त्यांना म्हणाली, "अहो, बसला असतात तर लवकर गेला असतात." नळ दुरुस्त करणारा कितीतरी दिवसांनी उगवला, तर त्याला म्हणाली, "या. नळाची आणि तुमची ओळख करून द्यावी लागेल आता." पण गंमत अशी, की कुणाला राग यायचा नाही. समोरच्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या आणि पहिल्यांदा बसल्या.

आणि नुसतं टोमणे मारणं नव्हतं बरं का. तिच्या बोलण्यावर घर चालायचं. भांडण मिटवायचं तर ती बोलायची, कुणाचं दुखत-खुपत असलं तरी ती बोलायची. तुझ्या बाबाच्या वेळी मला कळा येत होत्या, तेव्हा ती उशाशी बसून तिच्या कुठल्याशा मावशीची हकिगत सांगत होती. ती मावशी सासरहून रुसून निघाली आणि वाटेत चुकून दुसऱ्याच गावच्या लग्नात जेवायला बसली. ऐन कळेत मी ओरडून विचारलं होतं, "मग पुढे काय झालं?" सुईण बाई हसून हसून भिंतीला टेकल्या. तुझा बाबा जन्मला तेव्हा मी रडत होते की हसत होते, मला आजही सांगता येणार नाही.

तर अशा बाईचं बोलणं गेलं.

आषाढ संपत आला होता. सकाळची वेळ, ती वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती, मी कणीक मळत होते, आणि ती समोरच्या बाईंच्या जावयाची गोष्ट सांगत होती. "आणि त्यावर तो म्हणतो कसा..." इथपर्यंत आली आणि थांबली. मला वाटलं, रंगवून सांगायला थांबलीय. मी वाट पाहिली. मग मेथीची काडी तिच्या हातातून सुटून खाली पडलेली मला दिसली. ओठ एका बाजूला ओढले गेले होते. तो जावई काय म्हणाला ते आम्हाला आजपर्यंत कळलेलं नाही.

दवाखान्यातून घरी आणली तेव्हा पाय जरा ओढत का होईना, चालत होती. उजवा हात लुळा पडला होता. समजत सगळं होतं. पण बोलायला गेली की तोंडातून एकच शब्द यायचा. "उद्या." कुठून आला हा शब्द, कोण जाणे. आई, चहा घेणार? उद्या. आई, दुखतंय का? उद्या. तिला म्हणायचं असायचं हो, आणि कानावर पडायचं उद्या. ते स्वतःच्याच तोंडून ऐकून ती डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायची.

लोक भेटायला यायचे. ती बहिरी झाल्यासारखे मोठ्यांदा बोलायचे. आमच्या नात्यातल्या एक बाई तिच्या समोर बसून मला म्हणाल्या, "आता काय, लहान मूलच झालं गं त्यांचं." आईने त्यांच्याकडे पाहिलं. मी तिची मुलगी, मला ती नजर ठाऊक. उत्तर तयार होतं, असं तयार, की त्या बाईंनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं. ते डोळ्यांपर्यंत आलेलं मला दिसलं. तोंडातून आलं, "उद्या." आणि त्या बाई उठत म्हणाल्या, "हो हो, उद्या येईन हं परत."

त्या दिवसापासून आईने तोंड उघडणं सोडलं. बाहेरच्या खोलीत यायची नाही. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडायची. जेवण दोन घासांवर आलं. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या, वयाने लहान, फार समजूतदार. कपाचं चित्र दाखवायच्या, गाईचं चित्र दाखवायच्या. आई ती चित्रं डाव्या हाताने बाजूला सारायची. एकदा त्या स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "काकू, त्यांना समजतंय सगळं. पण त्यांनी प्रयत्न सोडला ना, तर आहे तेही जाईल. माणूस आतल्या आत निघून जातं." मला दिसतच होतं. माझी आई त्या पलंगावर होती आणि रोज थोडी थोडी निघून चालली होती.

मग नवरात्र आलं. आपल्या सोसायटीत तेव्हा रोज एका घरी भोंडला असायचा. तुझी आई म्हणाली, "या वर्षी आपल्याकडे नको, आजींना त्रास होईल." मी म्हटलं, होऊ दे. दरवर्षी पाटावरचा हत्ती आई काढायची आणि गाणीही तीच सांगायची. एकदा सुरू झाली की गणपतीच्या गाण्यापासून सासरमाहेराच्या गाण्यांपर्यंत कुठे अडणं नाही. त्या वर्षी हत्ती तुझ्या आईने काढला. सोंड होती म्हणून हत्ती म्हणायचं. पाट मधे ठेवला, तुम्ही पोरी परकर सावरत फेर धरून उभ्या. आई आतल्या खोलीत. मी दार लोटलं नाही, उघडंच ठेवलं.

गाणी काही रंगेनात. पहिली दोन कशीबशी झाली. तिसरं सासू-सुनेचं, त्यात सगळ्याच अडल्या. एक म्हणे पुढे असं आहे, दुसरी म्हणे तसं आहे. फेर थांबला. "अगं, पुढे काय?" कुणीतरी विचारलं.

आणि आतून आवाज आला.

बारीक, कापरा, पण सुरात. पुढची ओळ, मग तिच्या पुढची. शब्दन् शब्द स्पष्ट. सासू, सून, दीर, नणंद, सगळे आपापल्या जागी. माझी पाठ दाराकडे होती. मी वळले नाही. वळले तर थांबेल असं वाटलं. हातातला खिरापतीचा डबा मी पोटाशी घट्ट धरून ठेवला. ती एकटी गात होती. गाणं शेवटपर्यंत नेलं तिने.

मग जी धावपळ झाली! "आजी बोलल्या, आजी बोलल्या" करत सगळ्या आत. मीही गेले, तिच्यासमोर बसले, म्हटलं, "आई, बोल ना गं, काहीतरी बोल." तिने तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती, मला अजून ती बघवत नाही. "उद्या," ती म्हणाली. मग परत प्रयत्न केला. "उद्या." एकेक करून बायका बाहेर गेल्या. आईने मान फिरवली, भिंतीकडे.

आता तू ऐक, तू काय केलंस. भोंडल्यात शेवटी खिरापत ओळखायची असते ना, झाकलेला डबा हलवून. बाहेर कुणाला आठवणच राहिली नाही त्याची. तुला मात्र खिरापतीचीच काळजी. माझ्या हातातला डबा तू ओढून घेतलास आणि पलंगावर चढलीस. तुझं तुझं तू ठरवून टाकलं होतंस की पणजीला गाण्यातलंच येतं, साधं येत नाही. म्हणून तू तिचा डावा हात धरलास, फेरात झुलवतो तसा झुलवायला लागलीस आणि चालीवर विचारलंस, "ओळख गं पणजी, काय आहे डब्यात?"

आईने तुझ्याकडे पाहिलं. तू परत विचारलंस, चालीवरच. तिने डबा घेतला, कानाशी हलवला. आवाज काही येईना. झाकणाच्या कडेशी नाक नेलं. तू हात झुलवतच होतीस. आणि त्या झोक्यावर तिचे ओठ हलले. "डा... डा... डाळ गं, डाळ."

वाटली डाळच होती. मीच केली होती.

तू टाळ्या पिटत म्हणालीस, "बरोब्बर!" आणि बाहेर पळालीस, डाळ खायला. मी तिथेच बसून राहिले. गाणं पाठ होतं, ते एक वेळ आपोआप येईल. पण ही डाळ कुठल्या गाण्यातली नव्हती. हा शब्द माझ्या आईने स्वतः शोधून आणला होता.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं, तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, "असं होतं काही जणांचं. मेंदूत बोलण्याची जागा दुखावली, तरी गाण्याची वाट दुसरीकडून जाते. त्या वाटेने एकेक शब्द आणता येतो. पण मेहनत फार आहे, आणि यश येईलच असं मी सांगत नाही." मग त्यांनी रीत शिकवली. डाव्या हाताने मांडीवर ठेका धरायचा, छोटं वाक्य चालीत बसवायचं, आधी नुसतं गुणगुणायचं, मग शब्दांसकट म्हणायचं.

काय सांगू तुला. सत्तरी उलटलेली बाई रोज सकाळी अंघोळ करून खिडकीशी बसायची, एखादी गाणारी रियाजाला बसते तशी. मांडीवर हात थापायची. "चहा दे गं" एवढं म्हणायला तिला दिवाळी उजाडली. मधे किती वेळा शब्द अडायचा, किती वेळा "उद्या" मधे घुसायचा. ती थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा पहिल्या थापेपासून. तुझे आजोबा पेपर तोंडासमोर धरून बसायचे, पण पान उलटायचे नाहीत. ज्या दिवशी ते वाक्य पुरं आलं, त्या दिवशी तेच आधी उठले आणि चहा टाकला. त्यांनी त्याआधी कधी चहा केला नव्हता, तो प्यायल्यावर ते कळतच होतं. आईने एक घोट घेतला, त्यांच्याकडे बघितलं, आणि दोन घोटांत संपवला.

हळूहळू तिने त्याचे नियम केले, तिचे स्वतःचे. काही हवं असलं तर भोंडल्याची चाल. आरतीच्या चालीवर चहा मागायचा नाही, देवाचं देवाला. लाड करायचे तर अंगाईची. आणि राग आला तर जात्यावरच्या ओवीची चाल, का, तर तीच तिला जोरात म्हणता यायची. पण ओवी किती संथ! तुझा बाबा उशिरा घरी आला की ती सुरू करायची, "किती रे उशीर..." आणि ते लांबवत लांबवत "केलास बाळा"पर्यंत येईतो तिचाच राग निवलेला असायचा. तुझा बाबा दारात बूट हातात धरून मुकाट उभा. तो मला म्हणायचा, "आई, आजीचं ओरडणं आता ऐकावंसं वाटतं गं."

पण हे सगळं घरातल्या घरात. बाहेरचं कुणी आलं की तोंड मिटलेलं. मला कळत होतं का ते. जी बाई जगाला हसली, तिला जगाने हसावं हे कसं सोसायचं? शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, बाहेर न्या. मी विचारलं की आई मान हलवून नाही म्हणायची. वर्ष गेलं तसंच. तिचं ते एवढं कमावलेलं बोलणं चार भिंतींतच राहणार, असं मी मनाशी धरून चालले होते.

एक दिवस दुपारची झोप झाल्यावर बाहेर येऊन बघते, तर आई इस्त्रीची साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी बसलेली. मला बघितल्यावर मांडीवर ठेका. "मंडईत चल गं."

रिक्षात तिचा हात माझ्या हातात होता. घामाने ओला झालेला. मंडईत तिची ठरलेली भाजीवाली होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. भाजीवाली म्हणाली, "या काकू! किती दिवसांनी! बऱ्या हाय ना?" आजूबाजूला ही गर्दी. आईने गवारीकडे पाहिलं. पिशवीवर बोटांनी ठेका धरला. आणि भोंडल्याच्या चालीवर म्हणाली, "गवार दे गं, कोवळी दे."

शेजारच्या गाळ्यावर दोन कॉलेजची पोरं होती, ती फिसकन हसली. एक गृहस्थ म्हणाले, "आजीबाई रंगात आहेत आज." मी तिचा दंड धरला, म्हटलं, "चल आई, मी मागते." तिने दंड सोडवून घेतला. ठेका मोठा केला. आणि पहिल्यापासून, पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात, "गवार दे गं, कोवळी दे."

भाजीवालीने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तराजू उचलत, चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाली, "देते. पण काकू, गाऊन मागितली म्हणून भाव उतरायचा नाही."

आईच्या डोळ्यांत ती जुनी मिश्किल चमक आली. त्या मेथीच्या सकाळनंतर मी पाहिली नव्हती ती. तिने एक शेंग उचलली, मोडायला गेली, ती मोडेना. हात थापला, शब्द शोधला, एकदा अडली, पुन्हा थापला. "गवार जून गं... ताठा फार!"

सगळा गाळा हसला. भाजीवाली पदर तोंडाला लावून हसली, ते गृहस्थ हसले, ती दोन पोरंही हसली. पण हे हसू आईने हसवलेलं होतं. ती मधे उभी होती, ओठ जरा वाकडे, उजवा हात लुळा, आणि अशी ताठ, की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. भर मंडईत नाही पडले. आता वाटतं, पडायला हवं होतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं जगली. साधं बोलणं तिला परत कधी आलं नाही. जे जे बोलली, ते मांडीवर थाप मारून, सुरात. डॉक्टरांशी तसंच, बँकेत तसंच, त्या लहान मूल म्हणणाऱ्या बाईंशीसुद्धा तसंच. त्यांना काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी विचार करते, माझं बोलणं गेलं असतं तर मी काय केलं असतं? मी भिंतीकडे तोंड करूनच राहिले असते. खरंच सांगते. तिला एकेक शब्द मिळवावा लागायचा, तरी ती तो टोमण्यावर उधळायची. कुठून आणलं असेल तिने हे, मला अजून समजत नाही.

शेवटी शेवटी शब्द गळायला लागले. चाल तेवढी राहिली. नुसतं गुणगुणायची, पण आम्हाला कळायचं, हा चहा, हे खिडकी लाव, हे दिवा बंद कर. तुझी आई स्वयंपाकघरातून ओळखायची. शेवटच्या दुपारी ती एक चाल गुणगुणायला लागली, ती मला कळेना. पाणी आणलं, नको. पांघरूण घातलं, नको. तुझ्या बाबाला बोलावू का? मान हलवली, आणि पुन्हा तीच चाल पहिल्यापासून. मी तिच्याजवळ बसले, माझंच डोकं चालेना, आणि काही सुचलं नाही म्हणून मीही तिच्याबरोबर गुणगुणायला लागले. तेव्हा तिने डोळे मिटले. एवढंच हवं होतं तिला. कुणीतरी सोबत म्हणावं. आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत म्हणत होतो, मग मी एकटीच म्हणत होते.

तर अशी तुझी पणजी. हे मी लिहिलं खरं, पण वाचून बघितलं तर अर्धंच आलंय. चाली कागदावर येत नाहीत गं. तुझी आई म्हणते, मोबाइलवर म्हणून पाठवा. तुझी आई हुशार आहे, पण मी पाठवणार नाही. या चाली एकटीने म्हणायच्या नाहीत, शेजारी दुसरं माणूस लागतं, आणि घरात आता त्या चाली पुऱ्या येणारी मी एकटी आहे. माझाही आवाज पूर्वीसारखा राहिलेला नाही. सुट्टी नाही, काम फार आहे, ते सगळं मला माहीत आहे, ते नको सांगूस. शुक्रवारी रात्री गाडीत बसलीस तर शनिवारी सकाळी इथे असशील. दोन दिवस नुसती माझ्याजवळ बस. मी म्हणेन, तू मागून म्हण. ये गं लवकर.